हमीपत्रावर सही कुणाची?

प्रति,
बेळगाव आणि चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यांचे उपसंचालक, सर्व तालुक्यांचे बीईओ (गटशिक्षणाधिकारी), आणि सीमाभागातल्या मराठी शाळांचे मुख्याध्यापक व एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) सदस्य यांना

विषय : सहलीआधी पालकांकडून लिहून घेतलं जाणारं हमीपत्र

सप्रेम नमस्कार.

भाताची मळणी सुरू झाली की आमच्या खानापूर तालुक्यातल्या शाळांत सहलीचा विषय निघतो. यंदा कोकण की गोवा, गणपतीपुळे की मुरुडेश्वर, मालवणला किल्ल्यात नेणार का, वर्गणी किती. मग एक दिवस मुलांच्या हातात झेरॉक्सचा एक कागद पडतो. झेरॉक्सचीच झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेली. मजकूर सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच : “सहलीच्या काळात माझ्या पाल्याचे काही बरेवाईट झाल्यास त्यास शाळा, मुख्याध्यापक अथवा शिक्षक जबाबदार राहणार नाहीत. मी राजीखुशीने पाल्यास सहलीस पाठवत आहे.” खाली सही, नाहीतर डाव्या हाताचा अंगठा.

आई खळ्यावर असते. पोरगं म्हणतं, “उद्याच आणायला सांगितलंय बाईंनी.” ती पदराला हात पुसते आणि सही करते. वाचत नाही. वाचून तरी काय करणार? सही नाही तर सहल नाही.

शिक्षिका म्हणून हे कागद गोळा करायचं काम माझ्याकडेही असायचं. आता निवृत्त आहे, कुणाच्या नोटिशीची भीती नाही, म्हणून मोकळेपणी लिहिते. अपघात व्हायच्या आधीच तो कुणाची चूक नव्हता हे ठरवून टाकणारा असा कागद शाळेखेरीज दुसरीकडे मी फक्त ऑपरेशनच्या आधी पाहिला आहे. आणि तिथे निदान डॉक्टर समोर उभे राहून काय करणार ते सांगतात तरी.

बेळगावला समुद्र नाही. पण समुद्राने बेळगावची माणसं नेलेली आहेत. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. त्यात मुलांबरोबर त्यांचे एक प्राध्यापकही होते. तो काळ इथल्या माणसाला विसरता येणार नाही. हळहळ खरी होती, त्याबद्दल शंका नको. ज्यांचं त्या घरांशी काही नातं नव्हतं तेही दारात जाऊन उभे राहिले. पण बसमध्ये, किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत जे बोललं जात होतं तेही मला आठवतं. आजकालची पोरं ऐकत नाहीत. मास्तर काय करत होते? काळ आला होता, दुसरं काय. तीन वाक्यांत पंचनामा पूर्ण. त्या किनाऱ्यावर त्या वेळी जीवरक्षक होता का, धोक्याची पाटी होती का, सहलीच्या वेळापत्रकात पाण्यात उतरण्याबद्दल कुणी काही लिहिलं होतं का, हे मी ऐकलेल्या गप्पांत कुणीच विचारलं नाही.

या गप्पांची आठवण मला दुसऱ्याच एका सहलीबद्दल वाचताना झाली. ती सहल दक्षिण कोरियातली.

१६ एप्रिल २०१४. आन्सान शहरातल्या दानवॉन हायस्कूलची ३२५ मुलं ‘सेवोल’ नावाच्या फेरीबोटीने जेजू बेटाच्या सहलीला निघाली होती. बोट म्हणजे आपली मालवणची होडी नव्हे. हजारो टनांचं, खोल्या-खानावळी असलेलं जहाज. इंचॉन बंदरातून रात्री निघालं, सकाळी नऊच्या सुमारास जिंदो बेटाजवळ एका बाजूला कललं. ते पूर्ण उलटायला दीड तासाहून जास्त वेळ लागला. एवढा वेळ हातात होता. जहाजावरच्या ४७६ माणसांपैकी ३०४ गेली. त्यात २५० शाळेची मुलं. अकरा शिक्षक.

मुलं का वाचली नाहीत? कारण स्पीकरवरून सूचना येत होती : आहात तिथेच थांबा, हलू नका. ती पुन्हा पुन्हा आली. मुलं थांबली. अंगात लाइफ जॅकेटं घालून, खोलीत बसून, फोनवर घरच्यांना संदेश पाठवत थांबली. कप्तान मात्र पहिल्या सुटका झालेल्यांत होता. मदतीसाठी पहिला फोन केला तोही एका विद्यार्थ्याने, आणि किनारा सुरक्षा दलाच्या माणसाने त्याला विचारलं काय, तर जहाजाचे अक्षांश-रेखांश सांग! मी कितीतरी वर्षं पोरांना अक्षांश-रेखांश शिकवले. नकाशावर बोट फिरवून घेतलं. बुडत्या जहाजातून एखाद्या पोराला कुणी ते विचारील, हे कधी मनात आलं नव्हतं. तो मुलगा वाचला नाही.

हे वाचल्यावर मला आमचा वर्ग दिसला. हाताची घडी, तोंडावर बोट. आपल्या शाळेत शहाण्या मुलाची ओळखच ती. इन्स्पेक्शनला साहेब आले की सगळा वर्ग असा बसलेला दाखवायचा आणि शेरा मिळवायचा : शिस्त उत्तम. त्या जहाजावर जी मुलं सूचना न मानता डेकवर गेली त्यांतली बरीच वाचली. जी शहाणी होती ती खाली राहिली. शिस्त नको असं मी म्हणत नाही, साठ पोरांना रस्ता ओलांडून नेणाऱ्या माणसाला शिस्तीची किंमत सांगावी लागत नाही. पण सांगणारा माणूस कोण आहे, त्याला स्वतःला काय माहीत आहे, हे विचारायची मुभा आपण मुलाला कधी दिली आहे का?

आता दोषाचं बघू. तो देश आपल्यासारखा ‘काळ आला होता’ म्हणून गप्प बसला नाही. निदान पहिली काही वर्षं तरी नाही. चौकशीत एकेक गोष्ट बाहेर आली. जहाज जपानात वापरून जुनं झालेलं, विकत घेतल्यावर वरच्या मजल्यांवर खोल्या वाढवलेल्या. त्यामुळे डोकं जड. माल परवानगीच्या दुपटीहून जास्त भरलेला, आणि नीट बांधलेला नाही. माल जास्त बसावा म्हणून जहाजाला सरळ ठेवणारं तळाचं पाणी कमी केलेलं. तपासणी करणाऱ्यांनी कागद पास केलेले. अवघड प्रवाहात कप्तान जागेवर नाही, सुकाणूच्या खोलीत एक नवखी अधिकारी. म्हणजे त्या सकाळी वळण जरा जोरात घेतलं गेलं हे शेवटचं कारण. बाकीची कारणं दोन वर्षं आधीपासून जमत होती, आणि त्यातलं एकही लपून नव्हतं.

शिक्षा कुणाला झाली? कप्तानाला आधी ३६ वर्षांची, मग वरच्या कोर्टात खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप. बाकी खलाशांना कमी-जास्त. घटनास्थळी पोहोचलेल्या एका लहान गस्ती बोटीच्या प्रमुखाला तीन वर्षं. आणि किनारा सुरक्षा दलाचे जे सर्वांत वरचे अधिकारी होते ते खटल्यातून निर्दोष सुटले. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केलं. कप्तानाने केलं ते माफ करण्यासारखं नव्हतंच. पण दोष खाली उतरत उतरत शेवटी ज्याच्या हातात दोर किंवा सुकाणू होतं त्याच्याशी येऊन थांबतो, ही रीत तिथेही तीच दिसते.

मला शिक्षिका म्हणून त्याहून जास्त लागल्या त्या दोन गोष्टी वेगळ्याच. एक, त्या शाळेचे उपमुख्याध्यापक वाचले होते, आणि दोन दिवसांनी त्यांनी आपलं जीवन संपवलं. मुलं गेली आणि आपण उरलो, हे त्यांना पेललं नाही. त्यांनी जहाज चालवलं नव्हतं, माल भरला नव्हता, सूचना दिली नव्हती. सहल नेली होती. दुसरी गोष्ट दोन तरुण शिक्षिकांची. मुलांना वाचवायला त्या खालच्या मजल्यावर गेल्या आणि परत आल्या नाहीत. पण त्या कंत्राटी होत्या. कायम शिक्षकांना कामावर मृत्यू आल्याचा जो मान आणि हक्क मिळाला तो त्यांना नाकारला गेला. का, तर नियमात त्या सरकारी नोकर बसत नाहीत. घरच्यांनी तीन वर्षं झगडून २०१७ मध्ये तो मिळवला.

हे मी मुद्दाम सांगते आहे. आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळांत आज किती वर्ग अतिथी शिक्षकांच्या भरवशावर चालतात हे बीईओ साहेबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सहलीबरोबर पहिलं नाव कुणाचं लागतं? त्यांचंच. तरुण आहेत, पळापळ करतात, नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलं तर पुढच्या जूनला घेतील की नाही ही धास्ती. उद्या काही झालं तर आरोपी म्हणून त्यांचं नाव पहिल्या पानावर येईल. आणि त्यांच्याच जिवाचं काही झालं तर हे खातं त्यांना आपला माणूस म्हणणार का?

कोरिया लांब राहिला. आपल्याच कर्नाटकातलं घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये कोलार जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेच्या चार मुली मुरुडेश्वरच्या समुद्रात बुडाल्या. मुख्यमंत्र्यांनी प्रत्येक मुलीच्या घरच्यांना ५ लाखांची मदत जाहीर केली. प्राचार्य निलंबित, सोबतच्या शिक्षकांना अटक, किनारा पर्यटकांसाठी बंद. सगळं दोन-तीन दिवसांत उरकलं. शिक्षकांची चौकशी व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण शेकडो शाळांच्या बसेस जिथे दर डिसेंबरला येऊन उभ्या राहतात, त्या किनाऱ्याची व्यवस्था कुणाच्या टेबलावर होती, हा प्रश्न अटकेच्या बातमीखाली गेला.

त्याच वर्षी जानेवारीत, १८ तारखेला, वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं, सगळ्यांच्या अंगावर जॅकेटं नाहीत. तिथे गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि तलावाचा ठेका कुणी, कसा दिला इथपर्यंत विचारलं. हे मला बरं वाटलं. २००७ मध्ये केरळात थट्टेकाडला पंधरा मुलं आणि तीन शिक्षक गेले होते. तीच गोष्ट, बोटीत माणसं जास्त. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये बोटींच्या सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, केंद्राने २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा केला. कागदाला तोटा नाही. थट्टेकाड आणि हरणी यांच्यामध्ये सतरा वर्षं आहेत, आणि दोन्हीकडे मुलं मोजायला कुणी नव्हतं.

सहलीचं सोडून बोलायचं तरी नावं कमी नाहीत. २१ जानेवारी २०१९ ला कारवारजवळ कुर्मगडच्या नृसिंहाच्या जत्रेहून परतणारी बोट उलटली, सोळा माणसं गेली. त्याच वर्षी ऑगस्टच्या महापुरात, आमच्या कागवाड-अथणीवरून जी कृष्णा वाहते तिच्याच वरच्या अंगाला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि सतरा जण बुडाले. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली, पंधरा जणांचा जीव गेला. त्या शेवटच्या घटनेत चूक कुणाची हे शेंबडं पोरही सांगेल. तरीसुद्धा विचारावं लागतं की धडक बसली तेव्हा इतक्या प्रवाशांच्या अंगावर जॅकेट का नव्हतं. एकाची चूक उघड दिसली म्हणून बाकीच्यांच्या फायली बंद होत नाहीत.

कारवार असो की ब्रह्मनाळ, लोकांनी शोक केला तो मनापासून. मेणबत्त्या लावल्या, स्टेटस ठेवले, गाव बंद ठेवलं. मी शोकाची टिंगल करणार नाही. परक्याच्या लेकरासाठी डोळ्यांत पाणी येणं ही साधी गोष्ट नव्हे. माझी तक्रार एवढीच आहे की आपला शोक तेराव्याला संपतो आणि चौकशीचा अहवाल त्यानंतर येतो. तो येतो तेव्हा वाचायला कुणी उरलेलं नसतं.

कोरियात आई-बापांनी तो संपू दिला नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला काय आलं तेही बघण्यासारखं आहे. पिवळ्या फिती लावून सगळा देश सुरुवातीला त्यांच्याबरोबर होता. स्वतंत्र चौकशीचा कायदा करा म्हणून एक बाप ४६ दिवस उपाशी बसला. तोवर वारं फिरलं होतं. पुरे झालं आता, धंदे बसले, किती दिवस रडणार, असं लोक उघड म्हणू लागले. काही टोळकी तर उपोषणाला बसलेल्या आई-बापांच्या समोर येऊन पिझ्झा खात बसली. शाळेतही सोपं नव्हतं. गेलेल्या मुलांचे वर्ग पालकांनी जसेच्या तसे ठेवले होते, बाकावर फुलं, फळ्यावर निरोप. नव्या मुलांच्या पालकांना ते वर्ग हवे होते. त्यांचंही चूक म्हणता येत नाही, त्यांच्या लेकरांना बसायला जागा हवी होती. शेवटी २०१६ मध्ये ते वर्ग तिथून हलवून दुसरीकडे जतन केले. जहाज समुद्रातून वर काढायला मार्च २०१७ उजाडला. त्याच महिन्यात तिथल्या राष्ट्राध्यक्षाही पदावरून गेल्या, पण ते दुसऱ्या कारणांनी. सेवोलच्या वेळच्या त्यांच्या कारभाराला न्यायालयाने पदच्युतीचं कारण मानलं नाही.

आता आपल्या जेट्टीवर या. कोकणातली एक जेट्टी, नाव नको. दुपार टळलेली, कारण सकाळपासून दोन देवळं आणि एक धबधबा झालेला. मुलं उपाशी. भरती-ओहोटीचं गणित बोटवाल्याला माहीत, आम्हाला नाही. बोटवाला म्हणतो, “बसवा हो बाई, लहान पोरं आहेत, दोघांचा एक धरायचा.” जॅकेटांचा ढीग फळीवर पडलेला, मिठाने कडक झालेला, आत फोम दबून पापडासारखा चपटा. नाड्या आहेत त्यांना बकल नाही, बकल आहे त्याला पट्टा नाही. सगळी मोठ्या माणसांच्या मापाची. सातवीतल्या सडपातळ पोराला ते घातलं आणि खांद्याला धरून वर उचललं की जॅकेट हातात येतं आणि पोरगं खालून निसटतं. पाण्यात हेच होणार. ज्यांना पटत नसेल त्यांनी आपल्याच शाळेत एकदा करून पाहावं. जॅकेटाला दोन मांड्यांमधून घेऊन समोर बांधायचा पट्टा असेल तरच ते लहान मुलाच्या कामाचं.

आणि त्या क्षणी नाही म्हणायचं कुणी? बसचे, जेवणाचे, बोटीचे पैसे एजंटाला आधीच दिलेले. मुलं सहा महिने किल्ल्याची वाट पाहत आलेली. मुख्याध्यापक शाळेत, फोनला रेंज नाही. बोटवाल्याच्या मागे दुसऱ्या शाळेची रांग. मागून एखादे सर म्हणतात, “दरवर्षी जातोच की.” हे “दरवर्षी जातोच की” म्हणजे आपली सगळी सुरक्षा व्यवस्था. मी त्या बोटवाल्याला राक्षस समजत नाही. पावसाळ्यात त्याचा धंदा बंद, चार महिन्यांत वर्ष काढायचं असतं. पण त्याच्या बोटीवर किती माणसांची परवानगी आहे ते रंगाने ठळक लिहिलेलं असावं आणि ते वाचून नाही म्हणणाऱ्या शिक्षिकेच्या मागे खातं उभं असावं, एवढं तरी होऊ शकतं ना?

यावर एक सोपा उपाय सुचणार, मला ठाऊक आहे. पाण्याच्या ठिकाणी सहली बंद. कोरियात त्या सहामाहीच्या सगळ्याच सहली रद्द केल्या होत्या. एक परिपत्रक काढलं की खातं मोकळं. कृपा करून तसं करू नका. जांबोटीच्या किंवा कणकुंबीच्या जंगलातलं पोर मलप्रभेचा उगम रोज बघतं, पण समुद्र त्याला सहलीशिवाय कोण दाखवणार? बापाला सुट्टी नाही, आईला माहेरापलीकडे गाव माहीत नाही. सावंतवाडी ओलांडून पुढे गेल्यावर बसच्या खिडकीतून पहिल्यांदा ते निळं दिसतं तेव्हा अख्खी बस एकाच वेळी ओरडते. त्यात एरवी वर्गात तोंड न उघडणारं पोरगंही असतं. मागे एका पोराने उतरल्या उतरल्या पाणी चाखून बघितलं आणि “बाई, पुस्तकात खरं लिहिलंय,” म्हणून मला सांगत आला. ही गोष्ट मुलांकडून काढून घेऊन आपण त्यांना सुरक्षित केलं म्हणायचं असेल, तर मग शाळेतच कशाला आणायचं त्यांना.

माझं मागणं त्या झेरॉक्सच्या कागदापुरतं आहे. तो उलटा करा.

आज त्यावर पालक लिहून देतात. उद्या शाळेने लिहून द्यावं. आम्ही तुमच्या मुलाला अमुक ठिकाणी अमुक बोटीने नेणार आहोत, त्या बोटीला इतक्या माणसांची परवानगी आहे, आम्ही त्याहून एक मूलही जास्त चढवणार नाही. जॅकेट मुलाच्या मापाचं मिळालं नाही तर बोटीत बसवणार नाही. पाण्यात उतरवणार असलो तर कुठे, किती वेळ आणि जीवरक्षक कोण, हे इथे लिहिलं आहे. नसेल लिहिलं तर उतरवणार नाही. खाली मुख्याध्यापकांची सही, सोबत जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचं नाव. पालकांनी सही करायची ती हे वाचलं म्हणून. आणि हो, मराठी शाळेतल्या पालकांना हा कागद मराठीत द्या. खात्याचा नमुना कन्नडमध्ये आला तर त्याच्या पाठीवर मराठी छापा. यात भाषेचं राजकारण कुणी शोधू नये, खळ्यावरच्या त्या बाईला वाचता यावं एवढाच हेतू आहे.

बोटीचे पैसे आगाऊ द्यायचे नाहीत, ते शिक्षकाच्या हातात असावेत आणि जेट्टीवर गेल्यावरच द्यावेत. मला विचाराल तर सगळ्या सूचनांत ही सर्वांत कामाची. पैसे खिशात असले की माणसाला नाही म्हणता येतं. नाही म्हणून परत आलेल्या शिक्षकाला कारणे दाखवा नोटीस जाणार नाही, असं बीईओ ऑफिसने लेखी कळवावं. सहलीला जाणाऱ्या अतिथी शिक्षकांचा अपघात विमा शाळेने नाही, खात्याने उतरवावा. दोन दिवसांत नऊ ठिकाणं कोंबलेलं वेळापत्रक बीईओंनी मंजूरच करू नये, कारण घाईतल्या चुकांची सुरुवात तिथून होते. आणि निघण्याआधी एक तास मुलांना द्यावा. जॅकेट कसं बांधायचं, बोटीत उभं का राहायचं नाही, आणि बोट कलायला लागली, पाणी आत यायला लागलं तर कुणी बसा म्हटलं तरी वर मोकळ्या जागेत यायचं, मोठ्याने विचारायचं. या एका तासापुरतं तोंडावरचं बोट काढू द्या.

कुणी म्हणेल, जुन्या हमीपत्रामुळे शिक्षकांना निदान कायद्याचं संरक्षण मिळतं. ते मिळत नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होताना असा कागद आड येत नाही. म्हणजे तो शिक्षकाला वाचवत नाही, मुलाला वाचवत नाही. त्याचा उपयोग एकच, दुःखात बुडालेल्या आई-बापाला “तुम्हीच सही केली होती ना?” असं सुनावता येतं. एवढ्यासाठी तो जपून ठेवायचा का?

एसडीएमसीच्या सदस्यांना वेगळं सांगते. तुम्ही आमच्यातलेच, गावातले. खाली सही करण्याआधी बैठकीत तो कागद एकदा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मुख्याध्यापकांना राग आला तर येऊ द्या. वर्गणीचा हिशेब आपण चोख मागतो, डब्यात भात किती आणि भाजी किती हेही विचारतो. मग बोटीत माणसं किती, हे विचारायला संकोच कसला?

यंदाच्या सहलींची परवानगी मागणारे अर्ज थोड्याच दिवसांत तुमच्या टेबलांवर येतील. त्याआधी होणाऱ्या मुख्याध्यापकांच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. नव्या कागदाचा कच्चा मसुदा मी मराठीत आणि एका सहकाऱ्याच्या मदतीने कन्नडमध्ये तयार केला आहे. एका पानाचा आहे. तुमच्या ऑफिसात स्वतः आणून देईन, पोच द्यावी.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका